काच ठोकून पाहणारे कंट्रोलर

परवा आमच्या स्वयंपाकघरातल्या खिडकीची काच तडकली. शेजारणीने एक फोन नंबर दिला, मी फोन केला, दुपारच्या आत एक माणूस आला आणि काच बसवून गेला. त्याचं नाव काय, तो कुठला, त्याच्या स्वतःच्या घराच्या काचा धड आहेत का, यातलं काहीही मी विचारलं नाही. तो जिना उतरल्यावर नव्या काचेपुढे उभी राहिले आणि एकटीच हसत सुटले, कारण मला रत्नागिरीचे मयेकर कंट्रोलर आठवले. त्यांनी हा प्रकार पाहिला असता तर मला तोंडावर वेड्यात काढलं असतं. काच बसवणारा माणूस निवडायला त्यांना एका शिमग्यापासून दुसरा शिमगा लागला होता, आणि तरीही आपण घाईच केली असं त्यांचं शेवटपर्यंत मत होतं.

शिवराम मयेकर एस.टी.त वाहतूक नियंत्रक होते. ऐंशीच्या सुमाराला मी टेलिफोन एक्सचेंजमध्ये ट्रंक कॉल जोडण्याच्या नोकरीवर रत्नागिरीला आले, तेव्हा ते नुकतेच निवृत्त झाले होते. पण गावाने त्यांना निवृत्त होऊ दिलं नव्हतं. लहानथोर सगळे त्यांना कंट्रोलरच म्हणत. त्यांच्या घराच्या कडेच्या दोन खोल्या मी भाड्याने मागितल्या, तेव्हा माझी चौकशी करायला ते स्वतः हेदवीला माझ्या मावशीकडे जाऊन आले. मावशीकडे जेवले, दशभुजा गणपतीला नमस्कार केला आणि परत येऊन आपला निकाल सांगितला, की मुलगी चांगली आहे, मावशी मीठ जास्त घालते.

सगळी नोकरी माइकपुढे गेल्यामुळे त्यांना साधं बोलताच येत नसे. प्रत्येक गोष्ट नाकातून आणि दोनदा सांगायची. सकाळी आंघोळीला निघताना पडवीतून आवाज येई, "मयेकर, न्हाणीघरमार्गे देवघर, सुटण्याच्या तयारीत हाय." आत त्यांच्या बायको, आमच्या काकी, कपाळाला हात लावीत. पाहुणे निघाले की ते त्यांना सामान मोजून घ्यायला सांगत, मग ते पाहुणे समोरच्या आळीतले का असेनात.

त्यांचं एक वाक्य गावात सगळ्यांना पाठ होतं. "गाडी फलाटाला लागेपर्यंत ती गाडी नाय, ती अफवा हाय." स्टँडवर असताना गाडी डोळ्यांना दिसली तरी ते घोषणा करत नसत. उठायचे, फलाटावर जायचे, गाडीच्या पत्र्यावर दोनदा थाप मारायचे, आणि मग परत येऊन माइक हातात घ्यायचे. तोवर कंडक्टरने घंटी दिलेली असे. जाणकार उतारू त्यांच्या घोषणेची वाट बघतच नसत, कारण घोषणा झाली म्हणजे गाडी गेली हे त्यांना ठाऊक होतं.

ही थाप मारायची सवय घरीही आली. नारळ, फणस, माठ, दरवाजे, सगळं ते ठोकून बघत. छत्री घ्यायला गेले तर दुकानातच ती उघडून वरून दुकानदाराला कळशीभर पाणी ओतायला लावलं. छत्री गळली नाही, पण शेजारी ठेवलेली सतरंजी भिजली, आणि तेव्हापासून कंट्रोलर दिसले की तो दुकानदार कळशी आत नेऊन ठेवी. काकी देवरूखच्या. कंट्रोलर त्यांना बघायला म्हणून पुन्हापुन्हा जाऊ लागले, तेव्हा काकींचे वडील शेवटी वैतागून म्हणाले होते, की मुलगी बघताय का स्टँडवर बसलाय? ही गोष्ट काकी मला दर पंधरा दिवसांनी सांगत आणि दर वेळी तितक्याच हसत.

आता त्या खिडकीचं. मयेकरांचं घर जुनं, तोंड पूर्वेला. रस्ता नंतर झाला आणि तो नेमका पश्चिमेकडून, खाली जांभा कापून काढला. म्हणजे घराची पाठ रस्त्याला. रस्त्यावर जायचं तर पुढच्या दाराने बाहेर पडून, घराला वळसा घालून, पायऱ्या उतरायच्या. काकींना दमा होता. पायऱ्या त्यांना जमत नसत, आणि धूळ तर त्यांची वैरीणच. तेव्हा कंट्रोलरांनी मागची भिंत फोडून काकींसाठी एक भलीमोठी खिडकी केली. तिच्यातून खालचा रस्ता, रस्त्यावरची माणसं आणि लांब समुद्राची एक पट्टी दिसे. खिडकीला बिजागऱ्या मात्र नव्हत्या, कारण भरवशाचा बिजागरीवाला काही सापडला नाही. एकच अखंड काच, चौकटीत कायमची बसवलेली. बसवणारा मालगुंडचा एक म्हातारा होता, तो पुढे वारला. आपल्यानंतर कोणाला बोलवायचं हे न सांगताच गेला, याबद्दल कंट्रोलरांचा त्याच्यावर राग होता.

त्या काचेमागे एका खुर्चीवर काकी बसत. कोणाची सून कोणत्या रिक्षाने माहेरी गेली, आखातातून आलेल्या कोणाच्या मुलाने केवढा टेपरेकॉर्डर आणला, हे त्यांना आधी कळे, मग त्या घराला. पण त्यांचा खरा दिवस म्हणजे शिमग्यातला पालखीचा. ग्रामदेवतेची पालखी आमच्या घराखाली थांबे, ढोलावर नाचे, गुलाल उडे, बायका उतरून ओटी भरत. काकींना गुलालात जाणं म्हणजे आठ दिवस अंथरूण. त्या काचेआडून हात जोडत. भोई त्यांच्यासाठी म्हणून पालखी मुद्दाम खिडकीच्या दिशेला उंच करत. वर्षातून एकदा देव माझ्याकडे मान वर करून बघतो, असं काकी म्हणत, आणि हे सांगताना त्या बिलकूल हसत नसत.

एका शिमग्यानंतर लगेचच ही काच फुटली. ती फोडली हुप्प्याने. कंट्रोलर रोज वर्तमानपत्राच्या बोळ्याने काच इतकी लख्ख पुसत, की आंब्यावरून उतरलेल्या एका दांडग्या वानराला तिच्यात दुसरा हुप्प्या दिसला. त्याने आधी दात विचकले, समोरच्यानेही विचकले. मग व्हायचं ते झालं. काकी नशिबाने आत चूल बघायला गेल्या होत्या. कंट्रोलर मात्र काचेचे तुकडे वेचताना दुःखी कमी आणि अभिमानी जास्त दिसत होते. जनावराला स्वतःचं तोंड दिसतं अशी काच होती ती, असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत सुटले. मग त्यांनी भोकावर एक पत्रा ठोकला. दोन दिवसांसाठी.

त्या वेळी काचेचं काम करणारे गावात दोघेच होते. एक हसनभाई सोलकर. हे कुवेतला उंच इमारतींना काचा बसवून आलेले, अंगाला अत्तर, खिशात दोन पेनं. दुसरे दत्ताराम पांचाळ. हे मूळचे सुतार, देवांच्या तसबिरींना फ्रेमा करून देत, अंगाला भुसा. दोघांचं एकमेकांशी वाकडं. पांचाळ फक्त देवांना काच लावतो, देव तक्रार करत नाहीत, असं हसनभाई म्हणत. ज्या गावी पाऊसच पडत नाही तिथे काच लावायला काय अक्कल लागते, असं पांचाळ म्हणत. गावातली माणसं यातला जो आधी भेटेल त्याला बोलावत. कंट्रोलरांना हे मान्य नव्हतं. काच बघू नये, काच बसवणारा बघावा, असं म्हणून त्यांनी परीक्षा सुरू केल्या.

पहिली चहाची. दोघांना वेगवेगळ्या दिवशी बोलावून कपबशी काठोकाठ भरून हातात द्यायची आणि बशी वाजते का ते ऐकायचं. जो बशी वाजवतो तो काच काय धरणार? हसनभाईंची बशी वाजली नाही. पण त्यांनी चहा बशीत ओतलाच नाही, कपानेच प्याले, आणि हे परीक्षेत बसत नव्हतं. पांचाळांची बशीही वाजली नाही, कारण चहा गार होईपर्यंत त्यांनी ती खालीच ठेवली होती. दोघांनाही पुन्हा बोलावलं. काकींच्या हातचा चहा गवती पातीचा आणि चांगला असे, त्यामुळे दोघेही आनंदाने पुन्हा आले, आणि बराच काळ येत राहिले.

दुसरी परीक्षा घराची. कंट्रोलर आधी हसनभाईंच्या घरी गेले. तिथे एकूण एक काच जागेवर, चकचकीत. परत आले ते तोंड पाडूनच. ज्याला स्वतःच्या घराच्या काचा बसवायला सवड आहे त्याला गावात काम नाही, मग काम का नाही, याचा विचार करायला हवा होता. मग पांचाळांच्या घरी गेले. तिथे दोन खिडक्यांना पुठ्ठे आणि एकीला जुनं कॅलेंडर. हे तर उघडच वाईट होतं. पांचाळीणबाई कंट्रोलरांना म्हणाल्या, की तुमच्याकडे यांना वायच लवकर पसंत करा आणि मग आमच्या घरीही पाठवा. ते वाक्य कंट्रोलरांनी पांचाळांच्या विरोधात धरलं.

तिसरी परीक्षा म्हणजे या दोघांनी आजवर गावात बसवलेल्या सगळ्या काचा ठोकून बघणं. इथे माझं हसणं बंद झालं, कारण गावभर माझी ओळख कंट्रोलरांची भाडेकरू अशी होती. कंट्रोलर सकाळी धोतर सावरून निघत, कोणाच्याही खिडकीपाशी जाऊन मधल्या बोटाच्या पेराने टकटक करत, कान लावत आणि मान हलवत पुढे जात. आतली माणसं दार उघडायला येत तोवर हे तिसऱ्या घरी. एका घरी मुलीला बघायला आलेली मंडळी बसली होती, त्यांना वाटलं आतल्या गोटातून कोणी तरी खूण करतंय. एक्सचेंजमध्ये येऊन आमच्या साहेबांच्या केबिनची काचही त्यांनी ठोकली. साहेब तेव्हा डुलकी घेत होते. ते दचकून उठले आणि झोपेतच म्हणाले, "लाइन बिझी है."

शेवटी एका डॉक्टरांच्या दवाखान्यात ते घडलं. दवाखान्यात रोगी आणि कंपाउंडर यांच्यामध्ये काचेचा आडपडदा होता. तो हसनभाईंनी बसवलेला. त्याला कुठे तरी आधीच बारीक चीर गेली असावी. कंट्रोलरांनी टकटक केली, आवाज नीट लागला नाही म्हणून पुन्हा केली, आणि तिसऱ्यांदा करताच सगळी काच कोसळली. कोणाला लागलं नाही, पण पोटदुखीवाले दोन रोगी घरी पळाले आणि त्यांचं पोट म्हणे पुन्हा दुखलं नाही. कंट्रोलर म्हणाले, नुकसान माझं, काच मी बसवून देतो, फक्त भरवशाचा माणूस ठरू दे. डॉक्टरांनी हात जोडले आणि हसनभाईंना परस्पर निरोप धाडला. ते आले, कंट्रोलरांचा पहिला प्रश्न पुरा व्हायच्या आत काच बसवून गेलेसुद्धा. कंट्रोलर घरी आले. काकींनी हळूच सुचवलं, की झालं मग, हसनभाईच पसंत. यावर त्यांनी मान हलवली. एवढ्या लवकर बसलेल्या काचेवर विश्वास ठेवायचा कसा?

अशात पावसाळा आला आणि गेला. पत्र्यावर पश्चिमेचा पाऊस असा वाजे, की मला माझ्या खोलीत रेडिओ ऐकू येत नसे. काकी मात्र आपल्या खुर्चीवर पत्र्याकडे तोंड करून बसत. आवाजावरून माणसं ओळखायचा त्यांनी प्रयत्न करून बघितला. ही कोळीण, हा पाववाला, ही अमक्याची सायकल. पण अंदाज चुकू लागले. एकदा त्यांनी शेजारच्या म्हातारबुवांना आपल्या खोकल्याचा काढा सांगून पाठवला, आणि नंतर कळलं की रस्त्यावर खोकत होती ती एक म्हैस. त्या दिवशी आम्ही दोघी डोळ्यांत पाणी येईतो हसलो. मग काकींच्या डोळ्यांतलं पाणी थांबेना. मला त्या वेळी कंट्रोलरांचा असा राग आला, की तो पत्रा स्वतःच उपटून त्यांच्या डोक्यात घालावा.

दिवाळी झाली, थंडी सरली, आंब्याला कैऱ्या धरल्या, आणि रस्त्यावर शिमग्याचे ढोल तापवल्याचे आवाज यायला लागले. पत्रा तसाच. मी म्हटलं, पालखीपुरता काढू या. पण भोकातून गुलाल सरळ काकींच्या छातीत गेला असता. काच पाहिजेच होती.

एका सकाळी काकींनी ट्रंक काढून पडवीत ठेवली. कंट्रोलरांनी विचारलं, हे काय. काकी शांतपणे म्हणाल्या, "पालखी यायच्या आत काच बसली नाय, तर मी देवरूखला भावाकडे जाते. आणि परत येन असा समजू नका. माझी गाडी लागली की थाप मारून बगा, आणि मग घोषणा करा."

कंट्रोलरांच्या चेहऱ्यावरचा रंगच उतरला. इतक्या वर्षांच्या संसारात काकींनी त्यांना गाडीवरून कधी बोलून दाखवलं नव्हतं. ते दिवसभर खिडकीच्या पत्र्यासमोर फेऱ्या मारत होते. संध्याकाळी माझ्या दाराशी आले आणि पहिल्यांदाच साध्या आवाजात, एकदाच बोलले. "मना ठरवता येत नाय गो. चुकीचा माणूस आला आणि काच हिच्या अंगावर पडली तर?"

माझा राग तिथेच विरघळला. हा माणूस वर्षभर हसनभाई आणि पांचाळ यांना पारखत नव्हता, तो घाबरला होता. हुप्प्या आला तेव्हा काकी खुर्चीवर असत्या तर काय झालं असतं, हे त्याच्या डोक्यातून गेलेलंच नव्हतं. पण हे समजून उपयोग काय? मी म्हटलं, तुम्हाला ठरवता येत नसेल तर देवाला विचारा.

हे मी आपलं बोलायचं म्हणून बोलले होते. दुसऱ्या दिवशी कंट्रोलर मला आणि एक नारळ घेऊन देवळात हजर. आमच्याकडे लग्न, विहीर, भाऊबंदकी, काहीही अडलं की देवाला कौल लावतात. गुरव मूर्तीला दोन बाजूंना पाण्याने फुलाच्या कळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो, आणि मग उजवी कळी पडते की डावी त्यावरून देवाचं मत समजायचं. उजवी पडली तर हसनभाई, डावी पडली तर पांचाळ, असं ठरलं. गुरवाने गाऱ्हाणं सुरू केलं. पण कंट्रोलरांना ते फार थोडक्यात वाटलं. त्यांनी मध्ये पडून देवाला काचेची जाडी सांगितली, बशीचा प्रकार सांगितला, पांचाळांच्या घरातलं कॅलेंडर सांगितलं, आणि डॉक्टरांची काच आधीच चिरलेली होती हेही देवाच्या कानावर घातलं. गुरव दोनदा म्हणाला, "कंट्रोलर, देवाक एकच गोष्ट इचारायची असता." पण माइक हातात असल्यावर ते कधी थांबले होते?

कौल पडेना. ऊन चढलं. मूर्तीवरचं पाणी वाळत आलं आणि मग दोन्ही कळ्या एकदमच खाली आल्या. गुरवाने कपाळाचा घाम पुसला आणि सांगितलं, की देव म्हणतो, मला यात घेऊ नका, तुमचं तुम्ही बघा. कंट्रोलरांनी अर्थ लावला तो वेगळा. उजवी पडली, डावीही पडली, म्हणजे दोघेही.

देवाची आज्ञा म्हटल्यावर पांचाळ नाही म्हणू शकले नाहीत. हसनभाईंना त्या देवाची आज्ञा लागू नव्हती, पण काकींच्या चहाची होती. अट कंट्रोलरांची. दोघांनी मापं वेगवेगळी घ्यायची, एकमेकांना सांगायची नाहीत, फक्त त्यांच्या कानात सांगायची. दोघांनी कुजबुजून मापं सांगितली. ती जुळली नाहीत. कंट्रोलरांना आनंदच झाला, आपला संशय खरा ठरला म्हणून. कोण चुकलं हे कळायला मार्ग नव्हता, तेव्हा त्यांनी न्यायाने दोन्हींच्या मधलं माप काढलं आणि काच त्या मापाची कापून आणायला सांगितली.

पालखीच्या आदल्या दिवशी काच आली. दोघांनी ती अलगद धरून चौकटीत सरकवली. खाली सैल बसली आणि वर अडकली. कंट्रोलर ओरडायच्या आतच पांचाळांनी विचारलं, की हसनभाई, तुम्ही माप कुठे घेतलंत? हसनभाई म्हणाले, वर. पांचाळ म्हणाले, मी खाली. दोघांनी चौकटीकडे बघितलं. जुन्या घराची चौकट, वर अरुंद आणि खाली रुंद, झुकलेली. दोघांचीही मापं अगदी बरोबर होती. चूक फक्त मधल्या मापाची होती.

मग ते दोघे हसायला लागले. काच भिंतीला टेकवून, एकमेकांच्या खांद्याला धरून हसले. खुर्चीवरून काकी हसल्या, मी हसले, आणि सगळ्यांत शेवटी, कशाला हसतात हे पुरतं न कळून कंट्रोलरही हसले. हसनभाईंनी डोळे पुसले आणि म्हणाले, "पांचाळ, या गिऱ्हाइकाला एकट्याने तोंड देणं कोणाच्या बापाला जमणार नाय." काच परत गेली. संध्याकाळपर्यंत दोघेही दुसरी घेऊन आले, चौकटीसारखीच तिरकी कापलेली. या वेळी अट त्यांची होती. कंट्रोलर घरात नकोत.

पण त्यांना घराबाहेर घालवायचं कसं? ते काम काकींनी केलं. खालून रस्त्यावरून कोणीतरी बघायला नको का, काच सरळ बसते का ते, असं म्हणाल्या. कंट्रोलर घराला वळसा घालून पायऱ्या उतरून रस्त्यावर गेले. आणि तिथून, पन्नास माणसं थांबून बघतायत याचं भान न ठेवता, त्यांनी ती काच फलाटाला लावली. "येऊ द्या… येऊ द्या… डावीकडे वायच… येऊ द्या… बस." हात तसेच, आवाज तसाच, मागे घेणाऱ्या गाडीला द्यायचा तसाच. खरं सांगायचं तर वर हसनभाई आणि पांचाळ त्यांच्याकडे बघतही नव्हते. पण काच बसली ती नेमकी त्यांच्या "बस"वर, आणि खाली माणसांनी टाळ्या वाजवल्या.

कडेने पुट्टी भरून झाली. कंट्रोलर धापा टाकत वर आले, ते घरात न येता मागच्या अरुंद कडेने सरळ खिडकीपाशी. बाहेर ते, आत खुर्चीवर काकी. त्यांनी मधलं बोट वाकवलं आणि हात वर केला. काकींनी आतून नुसता तळवा दाखवला. हात लावायचा नाही. वाकवलेलं बोट काचेपासून टिचभर अंतरावर थांबलं. ते बोट तिथे बराच वेळ होतं. मग कंट्रोलरांनी हात खाली घेतला आणि ठोकून न पाहता एक गोष्ट जन्मात पहिल्यांदा मान्य केली.

दुसऱ्या दिवशी पालखी आली. ढोल कडाडले, गुलालाने रस्ता लाल झाला, काचेच्या आत मात्र कणभर आला नाही. भोयांनी पालखी खिडकीकडे उंच केली आणि काकींनी हात जोडले. खाली भोयांच्या गर्दीत डोक्यापासून पायांपर्यंत गुलालाने माखलेले कंट्रोलर पालखीकडे बघत नव्हते. ते वर बघत होते आणि दोन्ही हातांनी खुणा करून विचारत होते, की दिसतंय का. काकी मान हलवून सांगत होत्या, दिसतंय, आता देवाकडे बघा.

त्यानंतर हसनभाई आणि पांचाळ यांनी एकच दुकान घातलं. रत्नागिरीत काच म्हटली की पुढे लोक डोळे मिटून तिथेच जाऊ लागले. दुकानाच्या दर्शनी भागावर एक पाटी होती, गिऱ्हाइकाने काच ठोकून पाहू नये. ही कंपनी आपण निवडून, पारखून गावाला दिली, असं कंट्रोलर सांगत, आणि विचार केला तर ते अगदीच खोटं नव्हतं.

माझी बदली झाली. पुढे काकी गेल्याचं कळलं, दम्यानेच, पावसाळ्यात. मला तेव्हा जाता आलं नाही. वर्षाने एका कामासाठी रत्नागिरीला उतरले, तेव्हा स्टँडवरून थेट मयेकरांकडे गेले. पुढचं दार लोटलेलं होतं, हाका मारल्या, ओ आली नाही. म्हणून घराला वळसा घालून मागच्या कडेने खिडकीपाशी आले.

काच तशीच लख्ख. आत काकींच्या खुर्चीवर कंट्रोलर बसले होते, वाळलेले, आता कमी ऐकू येत असावं. ते खालच्या रस्त्याकडे बघत होते, मी अगदी जवळ उभी असूनही त्यांना दिसले नव्हते. त्यांचं लक्ष वेधायला मी बोट वाकवून काचेवर टकटक करायला हात उचलला. त्यासरशी त्यांनी वर बघितलं. मला ओळखलं, चेहरा उजळला, पण त्याआधी त्यांचा तळवा वर आला होता. अगदी काकींसारखा.

काचेमुळे आवाज ऐकू येत नव्हता. पण सवयीने ते सगळं दोनदा बोलले, त्यामुळे ओठांवरून मला नीट कळलं. दार उघडाच हाय, पुढून ये. काचेला हात नको लावू, ती ओरडेल.